सत्तेचाळीस शिकवणींचे जहाज

पूर्वी शंखपट्टण नावाच्या बंदरात अरिंदम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका जहाजाच्या तळात पाणी उपसत होता. त्याआधीच्या जन्मांत तो हरणांचा राजा झाला होता, श्रेष्ठी झाला होता, एकदा तर प्रत्यक्ष इंद्राच्या आसनावर बसून आला होता. या जन्मी त्याच्या वाट्याला एक लाकडी पोहरा आणि फळ्यांच्या सांध्यांतून झिरपणारे खारे पाणी एवढेच आले. त्याचे नाव कुल्लक. पोहऱ्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पाणी येते, आपण ते काढतो, ते पुन्हा येते; संसार समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही, असे त्याला वाटे.

एकच गोष्ट मनात राहून गेली होती. वीस सफरी करूनही त्याने भरसमुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावरून दिसतो तो समुद्र कुणीही पाहतो. पण जिथे चोहोबाजूंना पाण्याखेरीज काहीच नसते, तो समुद्र कसा दिसतो हे त्याला ऐकूनच ठाऊक होते. कारण त्या बंदराची रीत अशी, की तळातल्या माणसाने एक बंदर सोडल्यापासून दुसरे येईपर्यंत वर यायचे नाही. तो वर आला की पाणीही त्याच्या मागोमाग वर येते, अशी लोकांची पक्की समजूत. त्याला काही सांगायचे असेल तर शिडीपाशी सांगायचे, आणि तिथून ते सात जणांच्या तोंडून पायरीपायरीने तांडेलापर्यंत, म्हणजे जहाजाच्या मुख्यापर्यंत जायचे. आणखीही एक जुनी रीत होती. तळातल्या माणसाला भरसफरीत जो कामावरून काढेल, त्याने बदली माणूस मिळेपर्यंत पोहरा स्वतःच्या हाती घ्यायचा. त्यामुळे त्याला कधी कुणी काढत नसे. कुल्लकाची नोकरी राजाच्या सिंहासनापेक्षा पक्की होती.

या सात तोंडांच्या रीतीनेच कुल्लकाचा बाप गेला होता. तो अभंगेच्या तळात होता.

अभंगा हे जहाज त्या काळी सात बंदरांत गाजलेले. सातशे माणसे घेऊन निघाले होते. समुद्र हिचे काही वाकडे करू शकणार नाही, असे नाव ठेवतानाच मोठ्याने सांगितले गेले. समुद्राने ते ऐकले की नाही कोण जाणे, पण पहिल्याच सफरीत, स्वच्छ दुपारी, वारा मवाळ असताना, जेवणाची पाने वाढलेली असताना अभंगा किनाऱ्यापासून दोन कोसांवर बुडाली. सातशेपैकी एकेचाळीस परत आले. शंखपट्टणात असे घर उरले नाही जिथून रडणे ऐकू आले नाही. ते रडणे खरे होते, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. हसण्यासारखे जे झाले ते पुढे, लोकांनी डोळे पुसले आणि त्या बुडण्यापासून शिकायला सुरुवात केली तेव्हा.

दर वर्षी त्याच तिथीला राजा बोधसभा भरवी. एकेका धंद्याच्या मंडळींनी उभे राहून अभंगेपासून आपण काय शिकलो ते सांगायचे, आणि सांगितलेली शिकवण पुढच्या मोठ्या जहाजावर चढवायची. सुतार म्हणाले, फळ्या एकेरी होत्या, दुहेरी हव्या होत्या. दोर वळणारे म्हणाले, दोर कमी पडला. मूर्तिकारांचे म्हणणे पडले की जहाजावरची समुद्रदेवी वीतभर उंचीची होती, एवढ्याशा मूर्तीतून देवीला दिसणार तरी किती? ती पुरुषभर उंच आणि अखंड पाषाणाची हवी. आचाऱ्यांनी गहिवरून सांगितले की माणसे अर्धपोटी गेली, यापुढे लाडवांचे तीस रांजण बरोबर असलेच पाहिजेत. वाजंत्रीवाल्यांच्या मते मदतीची हाक किनाऱ्यापर्यंत पोचली नाही, म्हणून सोळा नगारे. न्हाव्यांची जरा पंचाईत झाली. त्यांनी दोन वर्षे विचार केला आणि तिसऱ्या वर्षी सांगितले की तांडेलाचे केस डोळ्यांवर आले असणार. तांडेलाची हजामत दिवसातून तीनदा व्हावी. राजाने मान डोलावली. ज्याने त्याने त्या बुडालेल्या जहाजात डोकावून पाहिले आणि प्रत्येकाला तिथे आपलेच दुकान दिसले. सभा मात्र दर वर्षी न चुकता भरत राहिली.

कुंभारांची शिकवण खरोखर शहाणपणाची होती, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक माणसामागे एक रिकामे, तोंड बंद केलेले मडके द्यावे; ते छातीशी धरले की माणूस तरंगतो. सगळ्यांना पटले. पण प्रवासाला निघताना रिकामे मडके दिसणे किती वाईट, हे शंखपट्टणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा ती मडकी पाण्याने काठोकाठ भरून मग त्यांची तोंडे बंद करावीत असे ठरले, आणि सर्वांचे समाधान झाले.

पुरोहितांची शिकवण वस्तूची नव्हती. ते म्हणाले, अभंगेवर कुणीतरी अभद्र बोलले असले पाहिजे. म्हणून यापुढे जहाजावर बुडणे, भोक, गळती असले शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. उच्चारले तर त्याला तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून द्यायचे. हीही शिकवण मान्य झाली.

कुल्लक दर वर्षी सभेला जात असे. त्यालाही एक शिकवण सांगायची होती. अभंगेवरून वाचलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितले होते, की त्याच्या बापाने त्या दिवशी तीनदा शिडीपाशी येऊन पाणी शिरल्याचे सांगितले. आणि तिसऱ्यांदा तांडेलाच्या कानी पोचले ते एवढेच, की तळात सर्व क्षेम आहे. पण पाणी उपसणाऱ्यांना कुणी वेगळा धंदा मानत नसे, म्हणून त्यांची पाळी अगदी शेवटी. ती येई तेव्हा पंगत बसलेली असे. कुल्लक उभा राही, हात जोडे आणि म्हणे, "तळातल्या माणसाचं ऐका." पानांवर मीठ वाढत जाणारे वाढपी तेवढे थबकत आणि विचारत, "तुला आधी वाढू का?" सोळा वर्षे त्याने हेच सांगितले, आणि सोळा वर्षे त्याला आधी वाढले गेले.

सोळाव्या वर्षी शिकवणी सत्तेचाळीस झाल्या आणि त्या सगळ्या अंगावर घेऊन बोधवती नावाचे नवे जहाज पाण्यात उतरले. ते इतके खोल बसले की खाडीतले मासे वरच्या कठड्यापर्यंत उडी मारून आत डोकावू लागले. लोक म्हणाले, "केवढं भारदस्त दिसतं!" तांडेल होता केतुमान. मनाचा चांगला, उमदा माणूस, हजामतीने चेहरा तुकतुकीत झालेला. प्रवाशांत मुख्य होते विपुल श्रेष्ठी. देहाने नावाप्रमाणे, आणि उकाडा अजिबात सहन न होणारे. एकूण तीनशे माणसे चढली. कुल्लकाने आपला पोहरा घेतला, एकदा खाडीकडे पाहिले आणि तो शिडी उतरून तळात गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायांना पाणी जास्त गार लागले. त्याने हाताने चाचपून पाहिले. पाषाणाची देवी वर उभी होती, पण तिचा सगळा भार एका खांबावरून थेट तळाच्या फळीवर येत होता. ती फळी खचली होती आणि सांधा उघडला होता. कुल्लकाने घटकाभर झपाट्याने पाणी काढून पाहिले. तो काढी त्याहून जास्त येत होते.

शिडीपाशी मट्टक नावाचा माणूस बसे. तळातली खबर उचलणारे पहिले तोंड त्याचे. मट्टक अतिशय सभ्य होता. आयुष्यात त्याने कुणाला वाईट बातमी दिली नव्हती. स्वतःचे घर पेटले तेव्हाही तो बायकोला एवढेच म्हणाला होता, की आज अंगणात उजेड बरा पडलाय.

"मट्टकदादा, वर सांगा," कुल्लक म्हणाला. "देवीच्या खांबाखालची फळी खचलीय. पाणी घोट्याला लागलंय, आणि मला आवरत नाही."

"अरे अरे, काय बोलतोस हे! सांगतो, सांगतो, पण जरा नीट सांगतो."

मट्टकाने दोरवाल्याला सांगितले, तळात थोडी ओल धरलीय. दोरवाल्याला ओल हा शब्द बरा वाटला नाही; त्याने शीडवाल्याला सांगितले की तळ थंड पडलाय. शीडवाल्याने आचाऱ्याला सांगितले, खाली गारवा आहे. आचाऱ्याकडून नगारेवाल्याकडे, नगारेवाल्याकडून सुकाणूवाल्याकडे आणि तिथून न्हाव्याकडे जाईपर्यंत तो गारवा वाढत गेला. न्हावी तांडेलाच्या गालाला तेल चोळता चोळता म्हणाला, "तांडेल, तळात काय झकास गारवा पडलाय म्हणे! आपला कुल्लक अगदी सुखात आहे."

"असं?" केतुमान खूश झाला. "मग विपुल श्रेष्ठींची दुपारची झोप तिथेच होऊ द्या की. बिचारे उकाड्यानं हैराण झालेत."

दुपार व्हायच्या आत दोन गडी कापसाची एक भलीमोठी गादी घेऊन शिडी उतरले. तळात पाणी पाहून दोघांनी एकमेकांकडे पाहिले, गादी उंचावरच्या एका फळीवर ठेवली आणि काही न बोलता वर निघून गेले.

"हे काय?" कुल्लकाने विचारले.

"उत्तर आलंय," मट्टक वरून म्हणाला.

कुल्लकाने पुन्हा पोहरा उचलला. दुपार कलली तसे पाणी गुडघ्याला लागले. तो पुन्हा शिडीपाशी आला. "दादा, पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. आहे तसंच सांगा. काही कमी करू नका. संध्याकाळपर्यंत हे जहाज जाईल."

मट्टकाने 'जाईल' ऐकताच कानांवर हात ठेवले, पण 'गुडघ्यापर्यंत पाणी' त्याच्या कानात आधीच शिरले होते. त्याला ते सांगणे भागच होते. त्याने सांगितले, आणि या खेपेला प्रत्येक जण आपापल्या परीने त्यातली चांगली बाजू शोधू लागला. तांडेलापाशी ते पोचले ते असे, की तळात आता भरपूर पाण्याचीही सोय झाली आहे.

"काय हौशी माणूस आहे!" केतुमान म्हणाला. "श्रेष्ठींना सांगा, झोपेआधी स्नानही तिथेच उरका."

त्याप्रमाणे चंदनाच्या उटण्याची वाटी आणि पंचा खाली आला, आणि त्यांच्यामागून स्वतः विपुल श्रेष्ठी आले. ते शिडीकडे तोंड करून सावकाश उतरत होते. एक पाऊल पाण्यात गेले, दुसरे गेले, आणि ते मांडीपर्यंत पाण्यात उभे राहिले.

"कुल्लका, अरे, हे कुंड केवढं खोल केलंयस!"

"श्रेष्ठी, हे कुंड नाही. हा समुद्र आहे. आत येतोय."

श्रेष्ठींच्या हातून उटण्याची वाटी सुटली आणि तरंगत गादीच्या दिशेने गेली. "मग वर सांग ना!"

"दोनदा सांगितलं. एकदा गादी आली, एकदा उटणं."

श्रेष्ठींनी अंगावरचा पंचा सावरला. माणूस लठ्ठ होता, पण भित्रा नव्हता. "मी सांगतो. मला सात तोंडं लागत नाहीत. मी थेट केतुमानाशी बोलतो," असे म्हणून ते धापा टाकत वर गेले. कुल्लक शिडीच्या तळाशी थांबून ऐकू लागला. या खेपेला काम होईल असे त्याला मनापासून वाटले.

वरचे बोलणे खाली स्वच्छ ऐकू येत होते. "या श्रेष्ठी! कसं झालं स्नान?" केतुमान विचारत होता. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. पुरोहित तराफ्याच्या दोरीला हात लावून उभा असणार, सगळे श्रेष्ठींच्या तोंडाकडे पाहत असणार, हे कुल्लकाला न पाहताही कळले. शेवटी श्रेष्ठींचा आवाज आला. "तळ... फारच... ऐसपैस आहे." पाठोपाठ धप्पकन बसल्याचा आवाज झाला. श्रेष्ठी एक मडके कवटाळून बसले होते. ते अर्थातच पाण्याने भरलेले होते.

कुल्लकाने भरलेला पोहरा खाली ठेवला. वीस सफरींत भरलेला पोहरा त्याने कधी तसाच ठेवला नव्हता. त्याला बापाची आठवण झाली. तोही असाच शिडीपाशी उभा राहिला असेल, वर लोकांची पाने वाढली जात असताना. कुल्लकाला राग आला नाही असे सांगायला हवे, कारण तो बोधिसत्त्व होता. पण खरे सांगायचे तर थोडा आला. तो त्याने पोहऱ्याशेजारी ठेवला आणि तो शिडी चढला.

वर आला आणि दोन श्वास तो सगळे विसरला. चोहोबाजूंना समुद्र होता. त्याला वाटत होते त्याहून फार मोठा, आणि रंग तर त्याच्या पोहऱ्यातल्या पाण्यासारखा मुळीच नव्हता. उजवीकडे लांब नारळीचे एक बेट तेवढे दिसत होते. "अरे, हा एवढा आहे होय!" तो पुटपुटला. मग त्याला तीनशे माणसे आपल्याकडे डोळे फाडून पाहताना दिसली, आणि आपण कशाला आलो ते आठवले.

"जहाज बुडतंय," तो म्हणाला. "देवीच्या खांबाखाली भोक पडलंय. गळती मला आवरत नाही."

तीन शब्द, एका दमात! न्हाव्याच्या हातातला वस्तरा पडला. पुरोहिताने हात उंचावला आणि अभद्र शब्द विरून जावेत म्हणून सोळाच्या सोळा नगारे एकदम वाजू लागले. कुल्लक शांतपणे उभा राहिला. नगारे वाजवणाऱ्यांचे हात दुखून आले आणि ते थांबले, तेव्हा त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पुन्हा सांगितले.

केतुमानाची अर्धीच हजामत झाली होती. त्याचा चेहरा खरोखर पडला. "कुल्लका, काय करून बसलास हे! माझा तुझ्यावर किती जीव आहे. आता तुला तराफ्यावर सोडावं लागणार."

"सोडा, तांडेल. नियम आहे. पण दुसराही नियम आहे. मला काढलंत तर पोहरा तुम्ही घ्यायचा."

ती रीत सगळ्यांना ठाऊक होती, फक्त तिची पाळी कधी आली नव्हती. पुरोहितानेही नाइलाजाने मान हलवली, कारण रीत ती रीत. मग कुल्लकाला तराफ्यावर उतरवण्यात आले. कुंभारांच्या शिकवणीप्रमाणे त्यालाही एक मडके देण्यात आले; आणि ज्याला सोडूनच द्यायचे त्याच्यासाठी शकुन कशाला पाहायचा, म्हणून ते भरायच्या भानगडीत कुणी पडले नाही. अख्ख्या बोधवतीवर तरंगण्याजोगे मडके ते एवढेच.

तराफा हलका होता. पाण्याची ओढ बेटाकडे होती. कुल्लकाने दोरी सोडली असती तर अंधार पडायच्या आत तो नारळीखाली बसला असता, आणि डोळे भरून समुद्र पाहत बसला असता. त्याने दोरी सोडली नाही. ती धरून तो वर कान देऊन बसला.

केतुमान रेशमी वस्त्र सावरत शिडी उतरला. त्या शिडीवर त्याने आजवर कधी पाय ठेवला नव्हता. मग जहाजाच्या पोटातून जो आवाज उठला तो सोळा नगाऱ्यांना भारी होता. "बुडतंय! अरे, बुडतंय जहाज! कमरेइतकं पाणी आहे इथं! भोक पडलंय भोक!"

सगळ्यांनी पुरोहिताकडे पाहिले. पुरोहिताने तराफ्याकडे पाहिले. तराफा एकच होता, आणि त्यावर आधीच माणूस बसला होता. तांडेलाच्या वर कुणी नव्हते, त्यामुळे त्याचे शब्द मऊ करायलाही कुणी नव्हते. ते जसेच्या तसे सगळ्यांच्या कानांत शिरले, आणि एकच आकांत झाला. कुणी देवीच्या पायांना मिठी मारली. एक व्यापारी मडके छातीशी धरून उडी टाकायला निघाला, पण मडक्याच्या वजनाने तो जागचा हललाच नाही, म्हणून वाचला.

कुल्लकाने दोरी ओढत तराफा पुन्हा जहाजाला आणून लावला आणि तो वर चढला. कोरडा माणूस बुडत्या जहाजावर आपणहून परत येतो, हे पाहून आरडाओरडा थोडा थांबला.

"आधी जहाज हलकं करू," तो म्हणाला. "देवीपासून सुरुवात."

"देवीला समुद्रात टाकायचं?" पुरोहित म्हणाला.

"टाकायचं कशाला, गुरुजी? ती समुद्राचीच लेक. आपण तिला एवढ्या लांब आणून उभी केली. ओटी भरून माहेरी पाठवा."

पुरोहिताला पाच मुली होत्या. त्याचे डोळे भरून आले. त्याने नारळ आणि पाच लाडू देवीच्या ओटीत घातले, चाळीस माणसांनी तिला ढकलले, आणि ती माहेरी गेली. भार उतरताच खाली खचलेली फळी पुष्कळशी जागेवर आली. केतुमानाने श्रेष्ठींची गादी घडी करून सांध्यात कोंबली आणि स्वतः तिच्यावर पाय रोवून उभा राहिला. "श्रेष्ठी, तुमच्या झोपेचं काही खरं नाही आज," तो ओरडला. श्रेष्ठी तोपर्यंत पंचा नेसून पाणी काढायला लागलेही होते.

मग शिकवणी एकामागून एक समुद्रात जाऊ लागल्या. ज्याच्या त्याच्या शिकवणीवर त्याचा जीव. दोरवाला दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिला, त्याला वेटोळ्यासकट उचलून बाजूला ठेवावे लागले. आचारी प्रत्येक रांजणाबरोबर हुंदका देत होता. लाडू मात्र माशांनीही लगेच खाल्ले नाहीत असे म्हणतात. मडकी रिकामी करताना लोकांनी डोळे घट्ट मिटून घेतले, मग ती बंद करून पुन्हा एकेकाच्या गळ्यात बांधली. नगाऱ्यांची कातडी फाडली तेव्हा सोळा उत्तम पोहरे निघाले. ते शिडीवरून वर न्यायला माणसांची रांग लागली. सर्वांत खाली मट्टक, त्याच्यावर दोरवाला, शीडवाला, आचारी, आणि सर्वांत वर न्हावी. ज्या सात तोंडांतून बातमी चढत नव्हती, त्याच सात जणांच्या हातांतून पाणी भराभर चढू लागले.

"कुल्लका, पाणी गुडघ्याच्या खाली गेलंय!" मट्टक ओरडला. मग थोडा थांबून, मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "अजून गळतंय मात्र." आयुष्यातली ती त्याची पहिली वाईट बातमी. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली.

सूर्य मावळायच्या आत बोधवती हातभर वर आली. तीनशे माणसे निघाली होती, तीनशे परत आली.

पुढच्या बोधसभेत सर्वांआधी गादीवाले उठून उभे राहिले. जहाज गादीने वाचले हे साऱ्यांनी पाहिले आहे, तेव्हा यापुढे प्रत्येक जहाजावर शंभर गाद्या असाव्यात, असे ते म्हणाले. राजा मान डोलावणार एवढ्यात केतुमान उठला. "महाराज, आज पहिली पाळी तळातल्या माणसाची. नाहीतर मी बुडतंय म्हणून इथंच ओरडेन." त्याचा तो आवाज ज्यांनी ऐकला होता ते सगळे घाईघाईने खाली बसले.

कुल्लकाने हात जोडले. "तळातल्या माणसाचं ऐका."

"एवढंच?" राजाने विचारले.

"एवढंच, महाराज. याला वजन नाही. जहाज याच्या भारानं खाली जाणार नाही."

मग राजाने वर मागायला सांगितले. कुल्लकाने मागितले ते असे, की दर सकाळी तळातल्या माणसाने वर यावे, पाणी किती आहे ते तांडेलाला स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि मग घटकाभर समुद्र पाहावा. राजाने ते दिले. कुल्लक पुढेही तळातच राहिला. सकाळची ती घटका मात्र त्याने मरेपर्यंत एकदाही चुकवली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, ही कथा सांगितली ती एका छपराच्या निमित्ताने. जेतवनातल्या विहाराच्या कोठाराचे छप्पर कोसळले होते. कुणाला इजा झाली नाही, तांदळाचे तीन रांजण तेवढे फुटले. थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, भद्रघोष आणि इतर भिक्षूंनी त्यापासून काय शिकावे यावर तीन दिवस सभा चालवली आणि अठरा नवे नियम पाठ केले. किंसुक नावाचा एक भिक्षू रोज तिथला केर काढी. आढ्याला वाळवी लागल्याचे तो चातुर्मासाआधीपासून सांगत होता. पण तो एकाला सांगे, तो दुसऱ्याला, आणि थेरांच्या कानी जाई ते इतकेच, की कोठारात सर्व ठीक आहे. सभेत त्याची पाळी अजून यायची होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा केतुमान तांडेल तो आताचा भद्रघोष. मट्टक तो कोठार सांभाळणारा भिक्षू, पुरोहित तो ज्याने अठरा नियम रचले, आणि विपुल श्रेष्ठी तो छप्पर बांधून देणारा उपासक. तळातला कुल्लक मीच होतो."

मागून, दारापाशी बसलेल्या किंसुकाने विचारले, "भंते, मी त्या कथेत कुठेच नव्हतो का?"

"होतास. अभंगेच्या तळात तू होतास. तू माझा बाप होतास. तीनदा सांगितलं होतंस, आणि कुणी ऐकलं नव्हतं."

किंसुकाने मान खाली घातली. त्याचे डोळे वाहत होते.

"आता बोल," शास्ते म्हणाले. "आज काय सांगायचं आहे?"

किंसुकाने डोळे पुसले. "भंते, आपण टेकून बसला आहात तो खांब. त्यालाही आतून वाळवी आहे."

शास्ते काहीही न विचारता उठले, चीवर सावरून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग सारी सभा उठून बाहेर आली. ही सत्यपारमीची, म्हणजे सत्याच्या परिपूर्तीची, कथा. खरे सांगणारा तिच्यात अर्धी पारमी पुरी करतो, आणि उरलेली अर्धी, त्याचे ऐकून जागचा उठणारा.